बांधाबांधानं पृथ्वी

यंदाही हळद शिजते आहे. कढईवर अंथरलेल्या ओल्या पोत्यांच्या फटींतून वाफ सुटली की तो मातकट, कडसर, जरासा औषधी वास गावभर होतो. तो अंथरुणात शिरतो, चहात उतरतो, धुतलेल्या धोतराला चिकटून राहतो. लोक म्हणतात, हा वास आला की जिवाला बरं वाटतं, वर्षाची मेहनत घरी आली असं वाटतं. मला मात्र या वासानं थकवा येतो. पायांचे गोळे दुखू लागतात. तेरा वर्षांपूर्वी याच वासात मी पृथ्वी फिरून घरी आलो होतो, आणि खरं सांगायचं तर तो शीण अजून उतरलेला नाही.

यंदा खळ्यावर माणसं थोडी. गेल्या श्रावणात हद्दीपलीकडे वऱ्हाडात स्वराज्य आलं, आमच्याकडे निजामाचंच राज्य राहिलं, आणि तेव्हापासून हवा बिघडली ती बिघडलीच. अर्धं गाव बिऱ्हाड उचलून पलीकडच्या सोयऱ्याधायऱ्यांकडे गेलं. आपणही काही दिवस जावं असं मी महिनाभर म्हणतो आहे. बायको तयार आहे, लेकरं तयार आहेत, बैलगाडीचं जू बांधून ठेवलं आहे. अडून बसली आहे ती आक्का. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, तिनंच मला वाढवलं. आता तिची पन्नाशी उलटली आहे, पण कढईखाली कापसाच्या पऱ्हाट्या सारायला दुसऱ्या कुणाला बसू देत नाही.

"तू जा लेकरायला घिऊन," ती म्हणते. "म्या न्हाई यायची. दाराला कुलूप दिसलं तर ते माघारी जातील."

ते म्हणजे माझे दाजी, तिचे मालक. त्यांना जाऊन बत्तीस वर्षं झाली.

साखऱ्याचे दाजी जनावरांत रमणारे होते. पहिल्या जर्मन लढाईत इंग्रज सरकारला खेचरं हवी होती आणि खेचरांमागं चालणारी माणसं हवी होती, तेव्हा ते बसऱ्याला गेले. जाताना आक्काला आमच्याकडे सोडून गेले. दारातच उभ्या उभ्या म्हणाले, "आलो की इथूनच नेतो." नवऱ्यानं माहेरी आणून घातलेली बाई नवऱ्यानंच न्यायची असते, दीर-सासऱ्याबरोबर तिनं जायचं नसतं, ही आमच्याकडची रीत. बसऱ्याहून त्यांचं एक पत्र आलं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. मी खुशाल आहे, खेचरंही खुशाल आहेत, आता आम्हाला दुसऱ्या जहाजात घालत आहेत, एवढंच. जहाज कुठं जाणार ते लिहिणाऱ्याला सुचलं नाही किंवा दाजींनाही ठाऊक नसावं. त्यानंतर काही आलं नाही.

माझ्या प्रवासाचं निमित्त दम्याचं होतं, तेही दुसऱ्याच्या दम्याचं. वसमतला एका डॉक्टरांकडे मी कंपाउंडर होतो. त्यांच्या रोग्यांत आमच्या भागातले एक मोठे जहागीरदार होते. मरायच्या आधी दुनिया पाहायची असा त्यांनी हट्ट धरला. बरोबर एक चिटणीस, एक खानसामा, आणि दर दोन तासांनी औषध देऊन पाठ चोळायला मी. गावात बातमी पोचली ती वेगळीच होऊन. बापू पृथ्वीप्रदक्षिणेला चालला, असं लोक बोलू लागले.

आमच्याकडे बैल हरवला तर शोधायची एक पद्धत आहे. उगाच पिकात घुसून धुंडायचं नाही. शिवाराच्या कडेनं, बांधाबांधानं फेर धरायचा. खुरांची पावलं बांध ओलांडून गेलेली दिसली नाहीत तर बैल आतच आहे, आणि फेरा पुरा होईपर्यंत तो कुठं ना कुठं नजरेला पडतोच. नाहीच पडला तर जनावरानं खाल्ला असं धरायचं, आणि त्याचा कासरा खुंटीला टांगून ठेवायचा. मग पुन्हा कुणी शोधायला जात नाही.

दशम्या बांधून देताना आक्का मला म्हणाली, "समदी दुनिया फिरून येनार हायेस. नजर ठिव." मी हसलो. ती हसली नाही. "डावी भुवई मधून तुटल्याली हाय. उनात आले की शिंकत्यात. आन् भाकरी कडंनं मोडत न्हाईत, मधून मोडत्यात. ध्यानात ऱ्हाईल का?" राहणारच होतं. भाकरी मधून मोडण्यावरून आमच्या घरात दाजींची किती चेष्टा झाली असेल. जावईबुवा भाकरीचं पोट फाडतात, असं वडील म्हणायचे आणि पंगतीत हशा पिकायचा. दाजी कानापर्यंत लाल व्हायचे आणि पुढची भाकरी पुन्हा मधूनच मोडायचे.

पुढं काय पाहिलं, ते आठवायचं म्हटलं तरी आज कंटाळा येतो. पोर्ट सैदला धक्क्यावर कोळशाची धूळ, गाढवं आणि भांडणं. भांडणं आपल्यासारखीच, फक्त हात जास्त चालतात. पॅरिसला करडी छपरं आणि समोरच्या घरात रोज सकाळी चादर झटकणारी एक जाडसर बाई. लंडनला ओल्या लोकरीचा वास. वाटेत धक्का लागला की तिथला माणूस माफी मागतो, पण तू कुठला, कुणाचा, असं कुणी विचारत नाही. सहा आठवड्यांत मला एकानंही माझं गाव विचारलं नाही, आणि त्याचा मला मनातून राग आला होता. अमेरिकेत आगगाडी चार दिवस धावत होती आणि चारही दिवस खिडकीबाहेर एकच शेत होतं. जपानात गुडघाभर चिखलात उभा असलेला एक शेतकरी गाडी जाताना कमरेवर हात ठेवून ताठ झाला, आणि तो कमरेवरचा हात इतका आमच्या वडिलांचा होता की मी पुढं दोन स्टेशनं मागं वळूनच बघत राहिलो. कोलंबोला आठ महिन्यांनी जेवणात हळद आली. ताटावर बसून मी रडलो. खानसाम्यानं ते पाहिलं, पण त्या भल्या माणसानं कुणाला सांगितलं नाही.

आणि सगळीकडे, लाज वाटते सांगायला, मी भुवया पाहत होतो. पहिल्या बंदरावर गंमत म्हणून पाहिल्या. नंतर सवय लागली. उन्हात कुणी शिंकलं की मान वळायची. इतक्या परक्या माणसांच्या तोंडाकडे निरखून पाहिल्यावर माणूस थकतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

घरी आलो तेव्हा फाल्गुन होता. शिवारात पळस फुलले होते आणि खळ्यावर हळद शिजत होती. कढईभोवती दिवसभर माणसं बसतातच, कारण हळद अर्धवट सोडून जाता येत नाही. कुणी पऱ्हाट्या सारतं, कुणी पानं घालतं, मधूनच कुणी हळकुंडात काडी खुपसून शिजलं का पाहतं. बसल्या जागी लोकांना करमणूक हवी होती आणि मी ताजा ताजा आलो होतो.

"लंडनात सूर्व्या उगवत न्हाई म्हनं?" कुणीतरी विचारायचं. मी नाही म्हणायचो. खरं तर दोनदा उगवला होता, पण लोक इतके खूश व्हायचे की ते दोन दिवस मी खाऊन टाकले. अमेरिकेतलं चार दिवसांचं शेत ऐकून रहीमभाई अस्वस्थ झाले. रहीमभाई आमच्या गल्लीतले लोहार, कढईचं फुटकं बूड त्यांनीच सांधायचं. त्यांनी विचारलं, "मंग बांध कुटं असतो?"

"बांध नाहीच," मी म्हणालो.

"मंग ते लोक भांडतात कशावरून?"

हा एक सोडून बाकीच्या सगळ्या प्रश्नांना मी उत्तरं दिली. जे पाहिलं नव्हतं तेही सांगितलं. पहिले चार-आठ दिवस नशा असते. आपण तोंड उघडलं की हातातली चिलीम विझेपर्यंत माणसं ऐकतात, हे सुख मी आधी कधी भोगलं नव्हतं. एकदा भरात बोलून गेलो, "कोनाकोपरा पाहिला. एक गल्ली सोडली न्हाई." आक्का जाळ सारत होती. सगळे विचारत होते, तीच तेवढी एक शब्द विचारत नव्हती. मला वाटलं, तिला गोडी नाही. एका देशाची गोष्ट संपली की ती हातातली पऱ्हाटी जाळात टाकायची आणि दुसरी उचलायची. इतकंच.

ती काय करत होती ते मला कळलं नामदेवराव आले तेव्हा. नामदेवराव म्हणजे आक्काचे धाकटे दीर. साखऱ्याहून दोन दिवसांची वाट गाडीनं तोडून आले होते. गाडीत मागे पळसाच्या देठांची एक जुडी होती, ओल्या फडक्यात नीट गुंडाळलेली. माणूस बारा वर्षं बेपत्ता राहिला की पळसाच्या देठांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि दिवस घालायचे. बारा वर्षं होऊन सात वर्षं वर गेली होती. दर खेपेला आक्का नको म्हणायची आणि नामदेवराव माघारी जायचे. वाईट माणूस नव्हता तो.

"वैनी," ते म्हणाले, "माय अंथरुणाला खिळली. पोराला पानी दिल्याबिगर डोळा मिटना झालाय तिचा. रोज इचारून राहिली. आता हे बापू समदी दुनिया पाहून आले. बांधाबांधानं फेरा झाला. जनावर असतं तरी दिसलं असतं की न्हाई?"

खळ्यावर दहा-बारा माणसं होती. कुणी नाही म्हणालं नाही. त्यांना ते रास्तच वाटत होतं, आणि मीच ते रास्त केलं होतं. ज्या ज्या देशात मी गल्ली सोडली नव्हती, त्या त्या देशात दाजी नव्हते. पोर्ट सैद गेलं, लंडन गेलं, अमेरिका गेली. आक्का मुकाट्यानं एकेक देश जाळात घालत होती आणि मी वर बसून वाहवा घेत होतो.

नामदेवराव माझ्याकडे वळले. "तुमीच सांगा बापू. सोडली का एखांदी जागा?"

आक्कानं वर पाहिलं. उन्हानं आणि जाळानं तिचं तोंड तांबडं झालं होतं आणि त्यावर कुंकू घामानं ओघळलं होतं. आमच्याच हळदीचं कुंकू ते, दर हंगामाला ती घरीच करते. तिनं डोळ्यांनी काही विनवलं असं म्हणणं खोटं होईल. ती फक्त माझ्याकडे पाहत होती, पंच काय निवाडा देतात ते पाहतात तशी.

मी म्हणालो, "मी काही पाहिलं नाही."

"म्हंजी?"

"जहागीरदारसाहेबांना धाप लागायची. दर दोन तासांनी औषध. त्यांना सोडून खाली उतरायची परवानगी नव्हती. पॅरिसमध्ये अकरा दिवस होतो, त्यांतले दहा खोलीत काढले. लंडनला दवाखाना आणि खोली. अमेरिका आगगाडीतून. जपान आगगाडीतून. मी खिडक्या पाहिल्या नामदेवराव. एका खिडकीतून जेवढं दिसतं तेवढी पृथ्वी मी पाहिली आहे. बाकी इथं जे सांगितलं ते मनचं."

मागून कुणीतरी खुसकन हसलं आणि हळूहळू सगळं खळं हसायला लागलं. गेला होता काशीला आणि पाहिली धर्मशाळा, असं एकजण म्हणाला. मीही हसायचा प्रयत्न केला. इतक्या लांब जाऊन आणलेली माझी एकच चीज होती, लोकांच्या तोंडावरचा अचंबा, आणि ती मी एका वाक्यात कढईत टाकली होती.

नामदेवराव हसले नाहीत. म्हणाले, "मंग फेरा पुरा झाला न्हाई." जुडी पुन्हा ओल्या फडक्यात बांधून ते दुसऱ्या दिवशी साखऱ्याला गेले. म्हातारीला त्यांनी काय सांगितलं असेल? ती त्या पावसाळ्यात गेली. माझ्या खरं बोलण्यानं एका बाईचं कुंकू राहिलं आणि दुसरीचा डोळा मिटायचा राहिला. हा हिशेब मी पुष्कळदा मांडला, जुळत नाही.

गावानं मला खिडकीवाले कंपाउंडर असं नाव ठेवलं. अजूनही माझ्या मागे तेच म्हणतात. गोष्टी ऐकायला येणं थांबलं. लोक कढईपाशी बसायचे, पण आपापसात बैलांचं बोलायचे. मी हळकुंडं पसरायचो, उलथायचो, उन्हात पाठ भाजून घ्यायचो. मग चार दिवसांनी, वाळवण करता करता, आक्कानं माझ्याकडे न बघता विचारलं, "त्या खिडकीतून काय दिसायचं रे?"

तिनं विचारलेला तो पहिला प्रश्न. मी तिला पॅरिसची चादर झटकणारी बाई सांगितली. तिनं विचारलं, चादर रोज झटकायची का, मंग तिचं लेकरू अंथरूण ओलं करत असंल. मला हे सुचलंच नव्हतं. जपानचा शेतकरी सांगितला तेव्हा ती म्हणाली, कंबर धरनं समद्या मुलखात सारखंच. त्या हंगामात, नंतरच्या हंगामांत, तिनं माझ्याकडून एकेक खिडकी ऐकून घेतली. खऱ्या पृथ्वीचं मला एकच गिऱ्हाईक मिळालं, आणि तिला अक्षरओळखही नाही. देश तिला आता आवडायला लागले होते. अर्धेमुर्धे पाहिलेले देश. त्यांत माणूस असायला जागा होती.

एक खिडकी तेवढी मी सांगितली नव्हती. तेरा वर्षं नाही सांगितली.

परवा रहीमभाई आले. म्हणाले, "आपा, तुमी बिनघोर जा. चावी माज्यापाशी ठिवा. पाहुने आले तर मी बराबर पत्ता सांगतो, माज्या घरी भाकर खायला घालतो. मी कुटं चाललो? मला कोन नेतंय?" आक्कानं मान हलवली, पण ती हो म्हणायला नव्हती. रहीमभाई मग तसेच चुलवणाच्या विटा सारख्या करत बसले.

काल दुपारी आम्ही दोघंच खळ्यावर जेवायला बसलो होतो. ऊन तापलं होतं. कढई संथ खदखदत होती. का कोण जाणे, मी बोलायला लागलो. थकलेल्या माणसाला गुपित राखणंही जड होतं.

फ्रान्सच्या मार्सेल बंदराला आगबोट लागली त्या सकाळची गोष्ट. साहेबांना धाप होती, मी केबिनीत होतो. गोल खिडकीतून खाली धक्का दिसत होता. एक हमाल पोत्यावर पाठमोरा बसला होता, डोक्याला फडकं. खांदे दाजींचे. त्यानं काखोटीतून पाव काढला आणि मधून मोडला. मी जिन्यापर्यंत धावलो. दोन पायऱ्या उतरलोही. वरून साहेबांनी हाक मारली, आवाज फुटत नव्हता त्यांचा. मी परत फिरलो. औषध दिलं, पाठ चोळली, श्वास लागेपर्यंत बसलो. पुन्हा खिडकीशी आलो तेव्हा पोतं होतं, माणूस नव्हता.

आक्काचा हात टोपलीवर थांबला होता. काहून उतरला नाहीस, असं ती आता विचारील म्हणून मी जमिनीकडे बघत घाईनं पुढचं बोललो. "दुसऱ्या दिवशी धक्क्यावरून गाडीकडे जाताना पाहिलं आक्का. तिथं पाव हातभर लांब असतो. तिथं सगळेच मधून मोडतात."

कढईवरचं एक पोतं सरकलं होतं, ते तिनं उठून नीट केलं, पुन्हा येऊन बसली.

"समदेच?"

"समदेच."

"बाया, लेकरंबी?"

"व्हय. त्याशिवाय तो मोडतच नाही."

तिनं पदरानं तोंड पुसलं. कुंकवाला हात लागू न देता पुसायची तिची जुनी सवय आहे.

"मंग तितं बरे ऱ्हात असतील ते," आक्का म्हणाली. "कोनी हसत नसंल त्येनला."

टोपलीतली भाकरी काढून तिनं ती मधून मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. आम्ही जेवलो. पाणी पिऊन झाल्यावर ती कढईकडे बघत म्हणाली, "एवढी हळद निगू दे. मंग चावी रहीमभाईला दिऊन ये."